माझा बैल, आक्काचा बैल आणि पंचायतीची विहीर

पंचायतीत माझी निवड झाली ती माझं कोणी नव्हतं म्हणून. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवूनही सांगत नाही. झालं ते असं झालं.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. पिंपरीला कारखाना निघाला होता आणि आमच्याकडची चार-दोन तरणी माणसं सायकली मारत तिकडे कामाला जाऊ लागली होती. बाकी गाव इंद्रायणीच्या काठाला जसं होतं तसंच होतं. एका अंगाला चिखली, दुसऱ्या अंगाला तळवडे आणि मधे आम्ही. म्हणायला एक गाव, पण खरं म्हणजे दोन. वरची आळी आणि खालची आळी. भांडण कशावरून सुरू झालं ते नक्की कोणालाच सांगता यायचं नाही. कोणी म्हणे जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीवरून, कोणी म्हणे बांधावरच्या बाभळीवरून. पण भांडण मात्र दोन्हीकडच्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं होतं. जत्रेत मांडव दोन, भजनी मंडळं दोन, वाण्याची दुकानं दोन. वरच्या आळीतला माणूस खालच्या वाण्याकडे मिठाचा खडासुद्धा घ्यायचा नाही. राम राम घालायचा तोसुद्धा आधी आळी बघून.

पंचायतीची निवडणूक झाली तेव्हा आठ पुरुष निवडून आले, चार वरचे आणि चार खालचे. सरपंच कोणी व्हायचं यावर आठवडाभर डोकी तापली आणि शेवटी चिठ्ठी टाकली, ती खालच्या आळीच्या बाजूनं निघाली. मग चिटणीसांनी सांगितलं की नव्या कायद्यानं पंचायतीत बाई घ्यावी लागेल. पुन्हा पंचाईत. वरच्यांनी एक नाव काढलं की खालचे म्हणायचे, ती तुमच्या अमक्याची सून. खालच्यांनी काढलं की वरचे म्हणायचे, ती तुमच्या तमक्याची बहीण. दुपार टळली तरी बाई सापडेना. तेव्हा एक म्हातारा सभासद म्हणाला, "ती चावडीजवळची हाय की. तिला ना सासरा, ना दीर, ना पोर. ती कुनाची?" दुसरा म्हणाला, "कुनाचीच न्हाई." आणि तेवढ्यावर माझी एकमतानं निवड झाली. गावाचं एकमत झालेली त्या काळातली ती एवढी एकच गोष्ट असावी.

हे सगळं मला कोतवालानं सांगितलं. मी ओटा सारवत होते, कोपरापर्यंत हात शेणात. तो म्हणाला, "बाई, तुमाला मेंबर केलंया." मला हसू आलं. मग हे कोणाला तरी सांगावं असं वाटलं आणि घरात सांगायला कोणी नाही हे रोजच्यासारखंच लक्षात आलं. मी हात धुतले आणि आक्काकडे गेले.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. माझे वडील चिंचवडला शाळामास्तर, म्हणून मी सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन या गावात आले आणि चौथ्या वर्षी नवरा तापानं गेला. सासू-सासरे आधीच गेले होते. वडील म्हणाले, चिंचवडला ये. मी गेले नाही. भावजयीच्या चुलीपुढे बसण्यापेक्षा आपली चूल बरी असं मला तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं. घर दोन्ही आळ्यांच्या सांध्यावर, चावडीला लागून. चार एकर जिराईत जमीन वरच्या आळीच्या अंगाला, आणि गोठ्यात एक बैल. एकच. दुसरा नवऱ्याच्या दुखण्यात विकावा लागला होता.

एका बैलानं शेती होत नाही. कुळव ओढायचा तर दोन लागतात, पेरायला पाभर चालवायची तर दोन लागतात. माझ्या घरापासून चार दारं पुढे, जिथे खालची आळी सुरू होते तिथेच, आक्काचं घर होतं. तिच्याकडेही एकच बैल. तेव्हा आमचा वारंगुळा होता, म्हणजे माझा एक आणि त्यांचा एक अशी जोडी करायची आणि एक दिवस माझं रान, एक दिवस त्यांचं. औत धरायचे आक्काचे मालक, त्यांना मी दाजी म्हणायची. आक्का माझी सख्खी बहीण नव्हती, नात्यातलीही नव्हती. पण सहा वर्षं ती जोडी एकत्र चालली आणि माझा बैल मुक्कामालाही त्यांच्याच गोठ्यात असायचा. आक्काच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. दुपारी औत सुटलं की दाजी लिंबाखाली पडायचे आणि आम्ही दोघी बांधावर बसून भाकरी खायचो. ती बडबडी होती, मी तिरसट. तिला ऐकणारं माणूस लागायचं आणि मला बोलणारं. बैलांसारखीच आमचीही जोडी जमली होती म्हणा.

मी मेंबर झाले आणि एकाएकी मला माणसं मिळाली. विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? त्या संक्रांतीला मला दोन्ही आळ्यांतून बोलावणी आली. कुंकू नाही लावलं, पण पाट मांडला, तिळगूळ दिला, गजऱ्यातलं एक फूल हातात ठेवलं. चार-चारमधलं नववं मत माझ्या हातात आहे म्हणून हे सगळं चाललंय, ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नव्हते. तरी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. सहा वर्षांत कोणी मला "बसा हो, घाई काय आहे" असं म्हटलं नव्हतं.

पहिल्या सभेच्या वेळी कोतवाल वही घेऊन घरी आला. "हितंच अंगठा करा, चावडीत येऊ नका, पुरुष मानसं बसल्याती." मी म्हटलं, मी अंगठा करत नाही, सही करते, आणि चावडीत येऊनच करीन. गेले. चावडीच्या आत सतरंजीवर पुरुष, बाहेर पायऱ्यांवर रिकामटेकडे आणि कुत्री. मी मधे उंबऱ्यावर बसले. पुढे ती माझी ठरलेलीच जागा झाली.

वैशाखात तालुक्याहून कागद आला की गावाला पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर झाली आहे. एक. झालं, गावाला कामच मिळालं. खालच्यांचं म्हणणं, विहीर भैरवनाथाच्या देवळापाशी व्हावी. वरच्यांचं म्हणणं, शाळेपाशी व्हावी. खालच्यांनी पाणाड्या आणला, चऱ्होलीचा. त्यानं तळहातावर नारळ ठेवून सगळं गाव पालथं घातलं आणि देवळापाशी नारळ उभा राहिला. म्हणाला, पाताळगंगा हाय. चार दिवसांनी वरच्यांनी चाकणकडचा पाणाड्या आणला. त्याचा नारळ शाळेपाशी उभा राहिला. त्यानंही पाताळगंगाच सांगितली. दोन्ही पाणाड्यांना भरपेट पुरणपोळी मिळाली आणि दोघंही खूश होऊन गेले.

मी ठरवलं की बायकांना विचारायचं. पाणी भरणार बायका, मग विहीर कुठे हवी ते त्यांनाच कळणार. आणि मला पंचायतीत घेतलंय तेही बायकांच्या नावानंच. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही वाळूत झिरे खणायचो. हातभर खड्डा, त्यात पाझरून येईल तेवढं पाणी करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरायला किती वेळ जाईल सांगता यायचं नाही. झिऱ्यावर मात्र आळी नसायची, कारण पाणी जिथे लागेल तिथे बसावं लागे. मी तिथे जाऊन एकेकीला विचारलं, विहीर कुठे व्हावी. सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "आमच्या मालकास्नी इचारा." दुसरी म्हणाली, "ते पुरुषांचं काम, आमास्नी काय कळतंय?" तिसरीनं आधी इकडेतिकडे बघितलं, शेजारी कोण बसलंय ते पाहिलं आणि करवंटी पुन्हा पाण्यात घातली. मला राग आला. ज्यांच्या वतीनं बोलायचं त्याच बोलत नाहीत, मग मी कोणाची मेंबर?

आक्का पलीकडच्या झिऱ्यावर होती. तिला विचारलं तेव्हा ती चटकन म्हणाली, "आमच्या आळीला पडू दे बाय. देवळापाशी. मी तुज्याकडं दुसरं काय कंदी मागितलं न्हाई." मी म्हटलं, बघते. पण मनात म्हटलं, ही दाजींचंच बोलतेय. मग ती उठली तेव्हा मी पाहिलं, उजवा गुडघा धरून, आधी एक हात वाळूत टेकून, मग दुसरा मांडीवर ठेवून. घागर कमरेला घेताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पुरुष आडवे झाल्यावर, मी पावलं मोजायला निघाले. प्रत्येक टोकाच्या घरापासून देवळापर्यंत, मग शाळेपर्यंत. डोक्यावर पदर, तोंडानं आकडे. ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "हिला ऊन लागलं वाटतं." देऊळ खाली नदीकडे, तिथून परत यायचं तर दगडी पायऱ्या चढून, तेही भरल्या घागरीनिशी. शाळा सपाटीला. आक्काच्या दारापासून देवळापर्यंत जायला त्या पायऱ्या होत्या आणि शाळेपर्यंत जेमतेम शंभर पावलं, एकही चढ नाही. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांना तर देवळाच्या आवारातून कोणी जाऊच दिलं नसतं. शाळेपाशी निदान भांडता तरी आलं असतं. मला हिशेब पटला. आक्का आठवडाभर फुगेल, मग एक दिवस गुडघा दुखला की घागर घेऊन येईल शाळेपाशी, असं मी धरून चालले. पाण्यापुढे आळी किती दिवस टिकणार? मी त्या गावात दहा वर्षं काढली होती आणि तरीही असं समजत होते. याला चूक म्हणत नाहीत, मूर्खपणा म्हणतात.

सभेच्या दिवशी चावडी खच्चून भरली होती. पायऱ्यांवर माणसं, खिडकीत माणसं. एक गोष्ट मला चिटणीसांनी आधीच सांगितली होती. मी हात वर केला नाही तर मतं चार-चार होतील आणि बरोबरी झाली की सरपंचाचं आणखी एक मत धरतात. सरपंच खालचा. म्हणजे मी नुसती गप्प बसले असते तरी देवळापाशी विहीर झाली असती. कोणी मला बोल लावला नसता. बाईमाणूस, घाबरली, म्हणून सोडून दिलं असतं.

सरपंच म्हणाले, "देवळापाशी व्हावी म्हणणारांनी हात वर करा." चार हात. "शाळेपाशी?" चार हात. मग सगळे उंबऱ्याकडे वळले. मी हात वर केला. पदर खांद्यावरून घसरला तो डाव्या हातानं सावरला, उजवा खाली घेतला नाही. चिटणीस "पाच" म्हणाले आणि एकदम गलका झाला. दाजी पायरीवरच उभे होते, माझ्यापासून दोन हातांवर. त्यांनी पटका काढून झटकला, परत डोक्याला घातला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

दिवेलागणीला मी आक्काकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. आमच्याकडे घरच्या माणसाला कोणी "ये" म्हणत नाही, आणि ती मला सहा वर्षांत कधी म्हणाली नव्हती. त्या दिवशी मात्र तिनं म्हणावं असं मला वाटत राहिलं. ती सुपातून मान वर काढेना. आतून दाजी म्हणाले, "उद्या बैल सोडून न्या." मी सकाळी बैल सोडून आणला आणि माझ्या रिकाम्या गोठ्यात बांधला. तो दोन दिवस हंबरत होता. पलीकडून त्यांचाही हंबरायचा. चार दारांचं अंतर, दोघंही एकमेकांना ऐकत होते आणि आम्ही सगळे बहिऱ्यासारखे वागत होतो.

वरच्या आळीनं माझ्या दारात गुलाल उधळला. पेढे आले. मला वाटलं, चला, ही माणसं तरी आता माझी. चार दिवसांनी मी त्यांच्या म्होरक्याकडे गेले आणि म्हटलं, मृग तोंडावर आलाय, माझा वारंगुळा मोडला, कुळवाला जोडी मिळेल का? त्यांनी मला घोंगडीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बाई, तुमी आमचं काम केलंत, न्हाई म्हनत न्हाई. पर शेजाऱ्याला सोडून केलंत. उद्या आमालाबी सोडचाल. बैलाचं बघू." मी त्यांना म्हटलं, मी तुमचं काम केलेलंच नाही, विहीर तिथे व्हायला हवी होती म्हणून हात वर केला. ते हसले. "आसं कुटं आसतंय व्हय?" म्हणाले. खरंच त्यांचा विश्वास बसला नाही. कोणाचंच काम न करता कोणी हात वर करतं हे त्या गावात कोणाच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं.

लाजेकाजेस्तव त्यांनी एक बैल दिला. पण माझा बैल सहा वर्षं जुवाच्या उजव्या अंगाला चाललेला आणि त्यांचाही उजवाच निघाला. डाव्या बाजूला कोणीच चालेना. दिवसभर जू वाकडं, कुळव वाकडा, माझा आवाज बसला. दिवेलागणीला मी त्यांचा बैल परत नेऊन बांधला. सगळ्या गावाची पेरणी उरकल्यावर तळवड्याची एक जोडी भाड्यानं मिळाली, तेव्हा माझी बाजरी पेरून झाली. ती गुडघ्याइतकी वाढली आणि तिथेच थांबली.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. काम होतं, पोटाला होतं, अंगावर होतं. कमी होती ती माणसाची. बांधावर एकटीनं भाकरी खाताना आपल्या चावण्याचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो, हे मला त्या वर्षी कळलं. मी बैलाशी बोलायला लागले. आधी हळू आवाजात, मग मोठ्यानं, मग कोणी ऐकलं तरी हरकत नाही म्हणून. संक्रांत आली. खालच्या आळीतून बोलावणं येणार नव्हतंच, पण वरच्यांनीही बोलावलं नाही. माझं मत वापरून झालं होतं. मी घरीच तीळ भाजले, लाडू वळले आणि ते महिनाभर एकटीनं खाल्ले.

विहिरीला फाल्गुनात पाणी लागलं. चांगलं गोड पाणी. नारळ फोडायचा, ओटी भरायची म्हणून वरच्या आळीतल्या सवाष्णी जमल्या. मी पुढे झाले तेव्हा एकीनं मला हळूच दंडाला धरून बाजूला उभं केलं. वाईट हेतूनं नव्हे, रीत म्हणून. ठरावाच्या कागदावर माझी सही चालली, नारळाला माझा हात चालला नाही. मी तिथून निघून आले.

त्याच आठवड्यात खालच्या आळीनं देवळात भंडारा उचलून शपथ घेतली की त्या विहिरीच्या पाण्याला घरातलं कोणी शिवायचं नाही. घरटी एक माणूस गेलं. आक्काच्या घरचे दाजी गेले. मी तरीही सकाळी ओट्यावर बसायची. तिचं दार मला दिसायचं. ती घागर घेऊन बाहेर यायची, शाळेच्या बाजूला एकदाही बघायची नाही आणि खाली नदीकडे वळायची. पुष्कळ वेळानं परत यायची, दर चार पावलांवर भिंतीला हात टेकून. मी रोज म्हणायची, आज येईल. चैत्र गेला, वैशाख आला, ती आली नाही. मला तिचा राग यायचा, दाजींचा यायचा, भैरवनाथाचासुद्धा यायचा. सगळ्यांचा राग करून झाला की रडू यायचं.

दुसरा मृग जवळ आला तेव्हा मी बैल विकायचं ठरवलं. एका बैलाला वैरण घालून करायचं काय? रान अर्धेलीनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, लावून दिलं आणि बैल घेऊन चाकणच्या बाजाराला गेले. तिथे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक पंच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात, आजूबाजूला उभ्या असलेल्यांना कळत नाही. बाईनं त्यात हात घालायचा प्रश्नच नव्हता. मी दलाल धरला आणि लांब जाऊन उभी राहिले. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. तिसऱ्याचा हात पंच्याखाली बराच वेळ होता. मग दलालानं मला मान हलवून खूण केली आणि गिऱ्हाईक वळलं तेव्हा मी पाहिलं, दाजी. गावात त्यांना माझ्याकडून बैल घेता आला नसता. चाकणला आळी नव्हती. दलाल त्यांना म्हणाला, "दात बगा, चालवून बगा." दाजी म्हणाले, "बगितलाय. वळखीचा हाय."

आमच्याकडे विकलेल्या जनावराबरोबर आपलं दावं देत नाहीत. दाजींनी घरून आणलेलं दावं त्याला बांधलं आणि माझं सोडून जमिनीवर ठेवलं, माझ्या हातात दिलं नाही. गावाचा रस्ता एकच. ते बैल घेऊन पुढे आणि मी वीस-पंचवीस पावलं मागे. वाटेत ते एका आंब्याखाली भाकरी सोडून बसले, तेव्हा मीही अलीकडच्या बाभळीखाली बसले. ते उठले की मी उठले. नदी ओलांडली, मोशी गेली, चिखलीची वाट लागली. बैलाला वाटलं असेल आपण तिघं नेहमीसारखे रानातून घरी चाललोय. तो अगदी निवांत चालत होता.

गावात शिरलो तेव्हा आक्का तांब्या आणि हळदीकुंकू घेऊन दारात उभी होती. तिनं बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. गोठ्यातून त्यांचा बैल हंबरला. मी माझ्या दाराचं कुलूप काढलं आणि आत गेले. जोडी परत झाली याचं मला सुख वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

चार-सहा दिवसांनी सकाळी मी ओटा झाडत होते. आक्का घागर घेऊन निघाली आणि नदीकडे न वळता माझ्या दाराशी आली. वर्षभरानं. मी केरसुणी बाजूला ठेवली. ती ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"येक इचारू?" ती म्हणाली. "त्या दिशी हात वर केलास त्यो कुनासाठी?"

मी तिला सगळं सांगून टाकलं. पावलं मोजल्याचं, देवळाच्या पायऱ्यांचं, तिच्या गुडघ्याचं. वर्षभर तोंडात धरून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. "तुझ्यासाठी," मी म्हटलं. "तुला चढायला लागू नये म्हणून."

ती ऐकत राहिली. रागावल्यासारखी दिसली नाही. मग म्हणाली, "गुडघा माझा हाय, मला ठावं न्हाई व्हय? देवळापाशी हीर झाली असती तर समदा गाव माझ्या दारावरनं पान्याला गेला असता. वरच्या आळीच्या बायकाबी. पोरी गेल्यापासनं घर खायाला उठतंय गं. बसल्या जागी चार मानसं दिसली असती, येखादी टेकली असती. म्हनून म्हनत व्हते देवळापाशी."

मला वाटलं होतं ती दाजींचं बोलतेय. "हे मला झिऱ्यावर का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"हीर कुटं व्हावी ते इचारलंस," आक्का म्हणाली. "का व्हावी ते कुटं इचारलंस?"

तिनं घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि ती नदीकडे निघाली. पंचायतीतली माझी मुदत अजून बरीच बाकी होती. साऱ्या गावात आपल्याला काय हवं ते मला तोंडानं सांगणारी ती एकटी बाई होती, आणि तिला माझ्याइतकंच एकटं वाटत होतं हे मला चार दारांवर राहून कळलं नव्हतं.